बारावा महिना घराचा

मे महिना लागला की पुण्यात माणसं घरं बदलतात. सकाळी दूध आणायला खाली उतरावं तर गल्लीत टेम्पो उभा असतो. त्यात गादी उभी केलेली, गादीला टेकून फ्रिज, फ्रिजवर बोचकी, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी कुणाच्या तरी मांडीवर तुळशीची कुंडी. टेम्पोवाला वर बघून विचारतो, "अजून काही राहिलंय का?" मग जिन्यावरून कुणीतरी हमखास झाडू नाहीतर बादली घेऊन खाली येतं. मी फाटकाला टेकून हे सगळं बघत उभा राहतो. दूध तापवायचं असतं, पण घाई कुणाला आहे.

हा आमचाही हंगाम होता. आमचा म्हणजे माझा आणि माझ्या बायकोचा, सुषमाचा. मी शाळेत भूगोल शिकवायचो, ती एका सहकारी बँकेत होती. त्यामुळे जगाची माहिती माझ्याकडे आणि पैशाची तिच्याकडे अशी घरात वाटणी होती. कर्वेनगरात तिसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो, डोक्यावर थेट गच्ची. आणि खराडीला आणखी एक फ्लॅट आहे, हॉल, किचन, एक बेडरूम, भाड्याने द्यायला म्हणून घेतलेला. 'आम्ही राहतो' असं लिहिलं खरं, पण सुषमाला जाऊन हा दुसरा उन्हाळा आहे. सवय जात नाही. जावी असं मला वाटतही नाही.

खराडीचा फ्लॅट घेतला तेव्हा ज्याने त्याने आमचं अभिनंदन केलं. "आता काय, दर महिन्याला भाडं येईल, बसून खा." पुण्यात सल्ला फुकट मिळतो आणि साधारण तेवढ्याच किमतीचा असतो. घरालाही खायला लागतं, हे मात्र कुणी सांगितलं नाही. आम्ही होतं नव्हतं ते घर घेण्यात घातलं, वर हौसेने पडदे शिवले आणि हात झटकून मोकळे झालो. त्याच श्रावणात खालच्या मजल्यावरच्या बाईंचा फोन आला, की तुमच्या बाथरूममधून आमच्या देवघरावर पाणी ठिबकतंय. देवघरावर म्हटल्यावर माणूस काय वाद घालणार. फरशी उखडावी लागली.

ते काम केलं भोसल्यांनी. भोसले मूळचे रंगारी, लोणी काळभोरचे, पण नळापासून प्लास्टरपर्यंत सगळंच अंगावर घेतात. त्या दिवशी छिन्नी बाजूला ठेवून ते म्हणाले, "सर, आता तोडलंच हाय तर पाइप बी बदलून घ्या." पाइप बदलला. "आता पाइप बदललाच हाय तर वॉटरप्रूफिंग बी करून घ्या." तेही केलं. सुषमाने मुदत पुरी व्हायच्या आत ठेव मोडली. बँकेतल्या बाईवर स्वतःचीच ठेव मोडायची वेळ यावी, याचा तिला किती अपमान वाटला होता ते तिच्या तोंडावर दिसत होतं. स्कूटरवरून परत येताना येरवड्याच्या पुलापर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

पुलावर बोलली ती एकदम नियमच. भाड्याचे करार अकरा महिन्यांचे असतात. त्यामागे वकिली कारणं असतील, ती मला कुणी समजावून सांगू नयेत. सुषमाचं कारण वेगळं होतं. ती मागून माझ्या कानात म्हणाली, "अकरा महिने घर आपल्याला देतं. बारावा महिना घराचा." म्हणजे वर्षातल्या एका महिन्याचं भाडं आपलं समजायचंच नाही, ते त्या घराच्या नळांचं, भिंतींचं, गीझरचं. भाडेकरू तोच राहिला, करार नव्याने केला, तरी तेवढे पैसे बाजूला काढायचे. शिवाय भाडेकरू बदलताना घर काही दिवस रिकामं पडणार, तेव्हा भाडं येणार नाही, तेही आधीच धरून चालायचं. मी म्हटलं, "म्हणजे घराला पगार देणार तू?" ती म्हणाली, "देणार. तुमच्यापेक्षा जास्त काम करतं ते."

आणि भोसल्यांनी खर्चाचा अंदाज सांगितला, की ती मान डोलवायची आणि मनातल्या मनात त्यात आणखी चौथा हिस्सा मिळवायची. त्या वाढीव पैशांना आमच्यात नाव होतं, 'तोडलंच हाय तर'. कागदावर कधी लिहिलं नाही, पण खर्च मात्र दर वर्षी झाला.

मे महिन्यात ती रजा घ्यायची, मला शाळेची सुट्टी असायचीच. लोक महाबळेश्वरला जायचे, आम्ही खराडीला. जाताना वाकडी वाट करून मंडईत थांबायचं, कारण आंबे तिला मंडईतलेच लागायचे. विक्रेत्याशी ती अशा थंड आवाजात बोलायची की तो आपणहून भाव उतरवायचा. ते आंबे मग खराडीच्या रिकाम्या किचनमध्ये, ओट्यावर वर्तमानपत्र पसरून ओळीने मांडले जायचे. दुपारी पुट्टी घासली जात असायची, पांढरी पूड उन्हाच्या पट्ट्यात तरंगायची, आणि आम्ही दोघं ओट्याला टेकून उभ्यानेच आंबे चोखायचो. ताट नाही, वाटी नाही, हात धुवायला गळणारा नळ. अजून कुठे ताज्या रंगाचा वास आला की मला आंबा आठवतो. आंबे आता मी आणत नाही.

रिकाम्या घरात आवाज घुमतो, म्हणून आम्ही तिथे हळू बोलायचो. घरी एवढ्या हळू आवाजात आम्ही आयुष्यात बोललो नव्हतो. भांडणंसुद्धा तिथे कुजबुजत व्हायची आणि कुजबुजत केलेलं भांडण फार वेळ टिकत नाही. खिडकीतून समोर काचेच्या इमारती दिसायच्या, खाली चहाच्या टपरीवर गळ्यात कंपनीची कार्डं अडकवलेली पोरं-पोरी. सुषमा त्यांच्याकडे बघत बसायची. "यातलंच कुणीतरी येणार आपल्याकडे राहायला," म्हणायची. "बघा ना, किती दमलेली दिसतात."

त्या दमण्यावरूनच तिने घर तपासायची आपली पद्धत काढली होती. भाडेकरू गेला, खोल्या झाडून झाल्या, की ती प्रत्येक खोलीत जमिनीवर वर्तमानपत्र पसरायची आणि सरळ पाठीवर आडवी व्हायची. चष्मा लावून. हात पोटावर. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, हिला चक्कर आली.

"अगं, काय करतेस काय? भोसले येतील आता."

"येऊ देत. माणूस घर बघतो उभ्याने आणि राहतो आडवा होऊन. दिवसभर राबून आला, पाठ टेकली, की त्याला काय दिसतं? छत. तिथे डाग दिसता कामा नये."

"आणि तू घोरायला लागलीस तर?"

"तर समजा, घर पास झालं."

मी दारात उभा राहून टवाळी करायचो, पण खरं सांगायचं तर उभ्याने मला कधी न दिसलेली भेग तिला आडवी पडून दिसायची. पंख्याच्या कड्याजवळची, खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातली. भोसले पहिल्या वर्षी तिला तशी बघून लाजून जिन्यातच थांबले. नंतर तेही सरावले. दारातून विचारायचे, "ताईंचं बघून झालं का?" त्यांचीही एक रीत होती. कामाला यायच्या आदल्या दिवशी ते फोनवर नमस्कार-चमत्कार काही न करता पहिला प्रश्न विचारायचे, "सर, खोली रिकामी हाय ना?" भरल्या खोलीत ते ब्रश लावत नसत. सामान खराब होतं, म्हणायचे, आणि माणसंही.

आता आमच्या स्वतःच्या घराचं सांगतो.

कर्वेनगरच्या आमच्या बेडरूमच्या छतावर, बरोबर सुषमा झोपायची त्या बाजूला, ओल येत होती. वर गच्चीची फरशी तडकली होती. सुरुवातीला बशीएवढा डाग होता, चहा सांडून वाळल्यासारखी कड असलेला. दर पावसाळ्यात तो वाढत गेला. अशा डागांत लोकांना देशांचे नकाशे दिसतात म्हणे. मी जन्मभर नकाशे शिकवले, मला त्यात एकही देश दिसला नाही. ओल ती ओल. दर मे महिन्यात मी म्हणायचो, "या वर्षी आपली खोली करून घेऊ." आणि ती म्हणायची, "आधी खराडी. तिथे लोक पैसे मोजून राहतात. आपण घरचीच माणसं, आपल्याला कोण नावं ठेवणार आहे?" मग खराडी व्हायची, बारावा महिना संपायचा, भोसले पुढच्या कामावर जायचे, आणि आभाळ भरून यायचं. पुढच्या मेमध्ये नक्की, असं ठरायचं. आम्ही आपल्याच घरात राहत होतो, भाडं कुणाला देत नव्हतो, म्हणून त्या घराच्या नावाने कधी काही बाजूला पडलंच नाही.

असं आमच्यासारख्यांच्या घरांत सगळीकडेच बघतो मी. पाहुण्यांची चादर कोरी आणि आपली विरलेली. चांगले कप कपाटात, कान तुटलेला आपल्या हातात. त्यात आपल्याला एक प्रकारचा मोठेपणाही वाटतो. सुषमाला तर वाटायचाच.

मग ती आजारी पडली. कॅन्सर होता, आणि तो कळेपर्यंत पाठीच्या मणक्यात पोहोचला होता. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणायचे, "आता अॅडमिट आहेतच तर हीही तपासणी करून घेऊ." सुषमा माझ्याकडे बघून नुसते ओठ हलवायची, तोडलंच हाय तर. आम्हाला हसू आवरायचं नाही आणि सिस्टर आमच्याकडे बघत राहायच्या. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की आता पाठीवर सरळ पडून राहायचं, कूस बदलायची तीही दोघांनी धरून. आणि आणखी काय सांगितलं असेल ते कुणालाही कळेल.

तर ती घरी आली आणि आपल्या जागी पाठीवर पडली. वर तो डाग. एव्हाना पाटाएवढा झालेला, मधला रंग फुगून पापुद्रे सुटलेले. आयुष्यभर दुसऱ्यांना झोपल्यावर काय दिसेल याची काळजी केलेल्या बाईला आता सकाळपासून तेवढंच दिसत होतं.

मी भोसल्यांना बोलावलं. ते चपला काढून आत आले, वर बघितलं, मग खाली तिच्याकडे बघितलं. "ताई, बरं हाय ना," म्हणाले. मग मला म्हणाले, "सर, वरनं गच्ची तोडावी लागंल. हादरे बसतील, धूळ पडंल, केमिकलचा वास. ताई हितं असताना नाय व्हायचं ते." मी म्हटलं, पलंग हॉलमध्ये हलवतो. आम्ही दोघांनी पलंगाला हात घातला, जरासा सरकवला, आणि सुषमा अशी कळवळली की भोसल्यांनी हात मागे घेऊन कपाळाला लावले. पुन्हा ते धाडस मी केलं नाही. म्हणजे खोली रिकामी झाल्याशिवाय छताचं काम होणार नव्हतं. खोली रिकामी होणं म्हणजे काय, ते आम्हा तिघांनाही एकदमच समजलं. सुषमाच शेवटी म्हणाली, "भोसले, चहा घेऊन जा."

त्याच मे महिन्यात खराडीचा भाडेकरू गेला. मी म्हटलं, राहू दे या वर्षी, घर पडू दे रिकामं, मला तुला सोडून कुठे जायचं नाही. आणि ते बाजूला काढलेले पैसे आहेत त्यात आपण रात्रीची बाई ठेवू. तर ही म्हणते, "ते घराचे आहेत. बारावा महिना घराचा, तुमचा-माझा नाही." मला तिचा फार राग आला. इतका राग मला लग्न झाल्यापासून आला नव्हता. अजून येतो. मरणाच्या दारात पडून माणसाने दुसऱ्याच्या छताचा हिशेब का करावा? मी ओरडलोही. ती शांतपणे वर बघत राहिली. मान वळवता येत नव्हती, त्यामुळे माझ्यावर रुसायची सोयही तिला नव्हती.

आमची मुलगी केतकी बंगळुरूहून आली, आईजवळ बसली, आणि मी खराडीला गेलो. एकटाच. मंडईत थांबलो नाही. भोसल्यांनी रंग दिला, नळ बदलले, खिडकीची जाळी बसवली. सगळं आटोपलं तेव्हा दुपारी सुषमाचा फोन आला. केतकीने तिच्या कानाशी धरला असणार.

"झालं का?"

"झालं."

"आडवे होऊन बघितलंत?"

"उभ्याने बघितलं. चांगलं झालंय."

"आडवे व्हा."

मी भोसल्यांकडे बघितलं. त्यांनी एक वर्तमानपत्र उचललं आणि जमिनीवर पसरलं. मी त्यावर पाठ टेकली. जमीन गार होती. वयाच्या या टप्प्यावर जमिनीवर आडवं होणं म्हणजे काही गंमत नाही.

"झालात? मान वर काढून बघू नका. भाडेकरू मान वर काढून झोपत नाही. डोकं टेकवा. काय दिसतंय?"

"पांढरं."

"पंख्याच्या कड्याजवळ?"

"पांढरं."

"खिडकीचा कोपरा?"

"तोही."

"खरं सांगताय ना?"

"एकही डाग नाही गं."

मग म्हणाली, "छान दिसतंय." जणू तिलाच दिसत होतं. मी उठायला लागलो, त्याची चाहूल तिला लागली असावी. "थांबा," ती म्हणाली, "अजून थोडा वेळ पडून राहा." मी पडून राहिलो. फोन छातीवर तसाच चालू. ती तिकडे तिच्या छताखाली, मी इकडे त्या कोऱ्या पांढऱ्याखाली, दोघंही काही न बोलता. तिचा श्वास ऐकू येत होता. भोसले डबे उचलून बाहेर जिन्यात जाऊन बसले.

जून लागता लागता नवी भाडेकरू आली. पल्लवी, वर्ध्याची, खराडीतल्याच एका कंपनीत नोकरी. किल्ल्या न्यायला ती कर्वेनगरला आली तेव्हा सुषमाने तिला आत बोलावून घेतलं. "पहिल्या दिवशीच नीट आडवी होऊन बघ," तिला सांगितलं, "छतावर काही दिसलं तर लगेच कळव. संकोच करू नकोस." पल्लवी पलंगाशेजारी स्टुलावर अंग चोरून बसली होती. तिची नजर वर गेली आणि तिथेच अडकली. "काकू, तुमच्या इथं तर केवढी ओल आहे नं." सुषमा हसली. "आम्ही काय, घरचीच माणसं." पोरगी किल्ल्या मुठीत धरून तशीच बसून राहिली.

पावसाळ्यात पापुद्रे गळायला लागले. मी तिच्या अंगावरचे, उशीवरचे उचलायचो. तिच्यावर प्लास्टिक बांधून दिलं, तर म्हणाली, "काढा ते, मी काय गॅलरीतलं सामान आहे का." डागाची बातमी मात्र रोज द्यायची. आज पंख्यापर्यंत आला. आज कडेला हिरवट दिसतोय. एका दुपारी मी तिला पेज भरवत होतो. दोन घास झाले आणि ती म्हणाली, "आपलं छत राहिलंच की हो." भाजीत मीठ राहिलं असं म्हणावं तशी म्हणाली. मी म्हटलं, "पुढच्या मेमध्ये." ती म्हणाली, "हो. पुढच्या मेमध्ये नक्की करा." मग तोंड मिटून घेतलं. पेज राहिली ती राहिलीच.

नवरात्रात ती गेली.

पुढचा मे आला आणि मी काही केलं नाही. पल्लवीने करार नव्याने केला, खराडीची चिंता नव्हती. मी हॉलमधल्या दिवाणावर झोपतो, बेडरूमचं दार लावलेलं. छतातली सळई आता उघडी पडली आहे. सोसायटीचे अध्यक्ष भेटतील तिथे सांगतात, की पावसाच्या आधी करून घ्या, नाहीतर डोक्यात पडेल. मी त्यांना म्हटलं, डोकं माझं आहे, आपण चिंता करू नये. केतकी फोनवर म्हणते, "बाबा, तुम्ही खराडीलाच राहायला जा ना, ते घर किती छान ठेवलंय." मी म्हटलं, भाडं परवडायचं नाही मला. ती बिचारी फोन ठेवून देते.

कुणाला काय सांगू. ज्या डागाकडे ती इतके महिने बघत होती, तो पुसायला माझा हात होत नाही, हे एक. आणि दुसरं म्हणजे, आता छत पांढरं करून ते दाखवायचं कुणाला? जिला दाखवायचं होतं तिच्या हयातीत ते झालं नाही. कुठल्या दुरुस्तीला किती पैसे लागतील हे आम्ही बरोबर धरायचो, अगदी 'तोडलंच हाय तर'सकट. दिवस किती उरलेत ते धरायचं राहिलं.

गेल्या आठवड्यात पल्लवीचा फोन आला. "काका, मी फ्लॅट सोडून राहिली या महिन्यात. लग्न ठरलं माझं." मी अभिनंदन केलं. मग ती म्हणाली, "मी सगळ्या खोल्यांत आडवी होऊन पाहून घेतलं, काकूंनी सांगितलं होतं तसं. हॉलमध्ये पंख्यापाशी बारीक भेग आहे. बाकी स्वच्छ आहे." मी म्हटलं, बरं झालं सांगितलंस. तरी ती फोन ठेवेना. "काका, तुमच्या त्या खोलीचं छत झालं का हो? मला तेव्हाच म्हणायचं होतं, की आधी तुमचं करायचं, आमचं राहू द्यायचं. पण मी नवीन होती नं. कसं बोलू म्हणलं."

"बघू," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

बेडरूमचं दार उघडलं. आत कोंडलेला वास होता, चुन्याचा आणि औषधांचा. चादर मी तेव्हाच काढली होती, नुसती गादी. मी तिच्या जागेवर बसलो, मग आडवा झालो, हात पोटावर ठेवले, डोकं टेकवलं. मान वर काढली नाही. इतक्या दिवसांत त्या जागेवरून मी ते छत पहिल्यांदाच बघत होतो. उभ्याने दिसतं त्याच्या दुप्पट दिसतं ते तिथून. काळपट, ओलसर, मध्ये गंजकी सळई. ते सबंध अंगावर येतं. थोड्याच वेळात मला मान फिरवावीशी वाटली, आणि मी फिरवली. तिला फिरवता येत नव्हती.

ती याच्याखाली पडून मला खिडकीचा कोपरा विचारत होती.

मी रडलो. ती गेली तेव्हा माणसं होती घरात, नीट रडता आलं नव्हतं. त्या उघड्या गादीवर पडून मी म्हाताऱ्या आवाजात मोठमोठ्याने रडलो आणि तिला नको नको ते बोललो. घरचीच माणसं म्हणे. घरच्या माणसांना काय डोळे नसतात?

खाली टेम्पो लागला होता, दोऱ्या आवळताना माणसं एकमेकांना हाका मारत होती. मी उठलो, तोंड धुतलं आणि भोसल्यांना फोन लावला. त्यांच्या मागे सोलापूर रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता.

"बोला सर. खराडीचं ना? ती पोरगी चालली म्हणं."

"खराडी नंतर," मी म्हटलं. "या वर्षी आधी कर्वेनगर. गच्ची तोडा, काय लागेल ते सगळं करा. बारावा महिना या घराचा."

सवयीने भोसल्यांच्या तोंडून निघालं, "खोली रिकामी..." आणि तिथेच ते थांबले. नुसता रस्त्याचा आवाज येत राहिला.

"रिकामी आहे, भोसले," मी म्हटलं. "या तुम्ही."